लांडी नळी, जड गोळी: मोठ्या कॅलिबरच्या आखूड रिव्हॉल्व्हरचं गणित

अडीच ते चार इंचांची नळी आणि तिच्यातून सुटणारी पंधरा-वीस ग्रॅमची गोळी, हे समीकरण कागदावर जमत नाही. मोठ्या काडतुसातली दारू नीट जळायला लांब नळी हवी. नेम धरायला लांब नळी बरी. धक्का सोसायला नळीचं वजन कामी येतं. एवढं असूनही अमेरिकेत अशी लांडी रिव्हॉल्व्हरं आवडीनं बाळगणारे पुष्कळ आहेत. अलास्कात नदीत उतरून मासे पकडणारे, शिकाऱ्यांना रानात घेऊन जाणारे गाइड, टेक्सास-फ्लोरिडाच्या दाट झुडपांत रानडुकरांच्या मागे जाणारे, आणि रायफल खांद्याला असतानाही कमरेला काहीतरी असावं असं वाटणारे.

या मंडळींत एक वाद कधीच संपत नाही: नळी इतकी छाटली तर गोळीचा वेग किती घटतो? माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. गोळी जे गमावते ते बहुतेक वेळा चालवून घेता येतं. आखूड नळीची खरी किंमत भरतात ती बार काढणाऱ्याची मनगटं, डोळे आणि कान. ती कशी, ते आता बघू.

आधी ही जात ओळखून घेऊ. मोठं कॅलिबर, म्हणजे गोळीचा मोठा व्यास: इथे .४४ मॅग्नम (मॅग्नम म्हणजे जादा ताकदीचं काडतूस) आणि त्याच्या वरचं सगळं. .४४ मॅग्नमची गोळी जवळपास ११ मिलिमीटर व्यासाची असते. स्मिथ अँड वेसनचं त्यासाठीचं रिव्हॉल्व्हर, जे पुढे मॉडेल २९ म्हणून ओळखलं गेलं, १९५५च्या अखेरीस तयार झालं आणि १९५६ मध्ये रुगरनं आपलं ब्लॅकहॉक त्याच काडतुसात आणलं. .४५४ कसूलवर १९५० च्या दशकाच्या शेवटी काम सुरू झालं होतं, पण वायोमिंगमधल्या फ्रीडम आर्म्सनं ते बाजारात आणलं १९८३ मध्ये. .४८० रुगर २००१ सालचं आणि .५०० स्मिथ अँड वेसन मॅग्नम २००३ सालचं. हा शेवटचा प्रकार लांब नळीतून अडीच हजार फूट-पाउंडांच्या, म्हणजे साधारण ३४०० ज्यूलच्या घरात ऊर्जा देतो. त्याच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या दंडगोलात, काडतुसं मावतात पाचच.

यांच्या लांड्या आवृत्त्या म्हणजे रुगरचं सुपर रेडहॉक अलास्कन, २००५ पासूनचं, नळी अडीच इंच. स्मिथ अँड वेसनचं चार इंची मॉडेल ६२९. त्याच कंपनीचं ३२९ पीडी, चार इंची पण स्कँडियम-मिश्रित हलक्या धातूचं. आणि .५०० ची चार इंची, शिवाय पावणेतीन इंची आवृत्तीसुद्धा. त्यातल्या एकीला भडक नारिंगी मूठ लावून संकटकाळच्या संचात विकलं गेलं.

मापाची एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण तुलना करताना ती हमखास विसरली जाते. रिव्हॉल्व्हरची नळी मोजतात ती सिलिंडरच्या पुढच्या कडेपासून नळीच्या तोंडापर्यंत. काडतूस बसतं ते घर त्यात धरत नाहीत. पिस्तुलाच्या नळीत ते घर धरलेलं असतं. म्हणून चार इंची रिव्हॉल्व्हर आणि चार इंची पिस्तूल यांच्यात गोळीला मिळणारी धाव सारखी नसते, रिव्हॉल्व्हरमध्ये ती जास्त असते. अडीच इंच हा आकडा त्यामुळे वाटतो तितका केविलवाणा नाही.

नळी कापली की गोळीचं काय होतं

घोडा पडतो, टोपी पेटते, दारू जळून वायू होतो आणि तो गोळीला ढकलू लागतो. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी आधी सिलिंडरमधून सुटते, मग सिलिंडर आणि नळी यांच्यातली एक फट ओलांडते आणि मग नळीतल्या पिळांत शिरते. ही फट साधारण ०.१५ मिलिमीटरची असते. सिलिंडर मोकळं फिरायला ती लागतेच, आणि प्रत्येक बाराला थोडा वायू तिच्यातून आडवा निसटतो.

मॅग्नम काडतुसांत सहसा सावकाश जळणारी दारू भरतात. ती एकदम दाब चढवत नाही, बराच वेळ ढकलत राहते. लांब नळीत हा गुण आहे, आखूड नळीत अडचण. ढकलणं चालू असतानाच गोळी बाहेर पडते आणि उरलेला वायू, न जळलेली दारू, सगळं नळीच्या तोंडाशी मोकळ्या हवेत फुटतं. संध्याकाळच्या उजेडात अडीच इंची नळीतून .४५४चा बार काढला की चेंडूएवढा नव्हे, चांगला मोठा जाळ दिसतो आणि त्यानंतर काही क्षण दुसरं काही दिसत नाही.

आकड्यांत सांगायचं तर २४० ग्रेन, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची .४४ मॅग्नम गोळी सात इंचांच्या आसपासच्या नळीतून सेकंदाला ४२५ मीटरच्या जवळपास वेगानं निघते. चार इंचीतून ती ३७० च्या आसपास येते आणि अडीच इंचीतून ३३० च्या. काडतूस बदललं की हे आकडे पुढे-मागे होतात, एकाच मॉडेलच्या दोन रिव्हॉल्व्हरांतही फरक पडतो, पण अंदाज येण्यापुरते ठीक आहेत. ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते, म्हणून तिथली घट डोळ्यांत भरते: सुमारे १४०० ज्यूलवरून १०६० आणि मग ८५०. म्हणजे अडीच इंचीत चाळीस टक्के गेले. वाद घालणाऱ्यांचं सगळं भांडण या चाळीस टक्क्यांवर उभं असतं.

आता एल्मर कीथची आठवण काढायला हरकत नाही. आयडाहोचा गुरंवाला, बंदुकांवर लिहिणारा आणि .४४ मॅग्नम व्हावं म्हणून कंपन्यांच्या मागे वर्षानुवर्षं लागलेला माणूस. त्याची हातानं भरलेली .४४ स्पेशल (मॅग्नमच्या आधीची, आखूड पुंगळीची) काडतुसं २५० ग्रेनची गोळी सेकंदाला १२०० फुटांच्या आसपास फेकत, म्हणजे ३६५ मीटर. तेवढ्यावर तो बेहद्द खूश होता. प्रत्यक्षात जे .४४ मॅग्नम आलं ते त्याहून जोरकस निघालं. म्हणजे आज चार इंची नळी जेवढा वेग देते, जवळपास तेवढ्यासाठीच तर हा खटाटोप सुरू झाला होता. उतारवयात कीथच्या कमरेला रोज असायचं तेही चार इंची मॉडेल २९.

आणि घसरण? ५० मीटरवर जाईपर्यंत ४२५ मीटर वेगाची गोळी साधारण ७ सेंटिमीटर खाली येते, ३३० वाली ११ सेंटिमीटर. २५ मीटरवर नेम बसवून घेतला असेल तर दोन्हींतला फरक निम्म्यावर येतो, दोनेक सेंटिमीटर. हे दोन सेंटिमीटर लक्षात ठेवा, कारण थोड्याच वेळात त्यांच्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवायचा आहे.

गोळीच्या निवडीवर मात्र वेगाचा खरा परिणाम होतो. शिकारीच्या गोळ्या ढोबळमानानं दोन प्रकारच्या. एक प्रकार मऊ किंवा पोकळ टोकाचा: मांसात शिरला की टोक फुलतं, जखम रुंद होते, पण गोळी कमी खोल जाते. हे फुलणं वेगावर अवलंबून असतं. लांब नळी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली गोळी अडीच इंचीतून अर्धवट फुलते किंवा मुळीच फुलत नाही. उलट कमी वेगासाठी बनवलेली हलकी गोळी लवकर फुलते आणि जाड खांद्याच्या आतच थांबते. दुसरा प्रकार कडक ओतीव शिशाचा, पुढचं टोक रुंद आणि सपाट. तिला फुलायचंच नसतं. सपाट टोक सुरुवातीपासूनच रुंद असतं, ते ऊती कापत, हाडं फोडत सरळ जातं आणि बहुधा पलीकडून बाहेर पडतं. वेग थोडा कमी झाला म्हणून तिच्या कामात मोठा खंड पडत नाही. लांड्या नळीसाठी जाणते लोक २५० ते ३०० ग्रेनच्या अशाच गोळ्या पसंत करतात, आणि मला हा कल पटतो. ज्या गोष्टीची तुमच्याकडे कमतरता आहे तिच्यावर अवलंबून नसलेली गोळी निवडणं, यात शहाणपणा आहे.

हँडगनची गोळी रायफलसारखा धक्क्यानं प्राणी लोळवत नाही, हेही इथेच समजून घ्यावं. ती भोक पाडते. भोक फुप्फुसांतून किंवा हृदयातून गेलं तर प्राणी काही सेकंदांत रक्तदाब घसरून पडतो, तोवर तो पळतो. भोक दुसरीकडे गेलं तर कॅलिबर किती मोठं होतं याला अर्थ उरत नाही.

नेम: हरवलेले इंच इथे सापडतात

समोरची माशी आणि मागची खाच यांच्यातल्या अंतराला नेमाची लांबी म्हणू. नळी आखूड झाली की ही लांबीही आखूड होते, आणि नेमातली तीच चूक लक्ष्यावर मोठी होऊन उमटते. वीतभर फूटपट्टीनं दहा फुटांची सरळ रेघ ओढायला घेतली तर काय होतं, तसंच.

हिशेब सोपा आहे. माशी खाचेत मधोमध हवी होती, ती अर्धा मिलिमीटर बाजूला राहिली. नेमाची लांबी २७० मिलिमीटर असेल, जी सव्वाआठ इंची नळीच्या आसपास मिळते, तर ५० मीटरवर गोळी नऊ सेंटिमीटर चुकते. लांबी १५० मिलिमीटर असेल, म्हणजे चार इंचीच्या जवळपास, तर सोळा-सतरा सेंटिमीटर. अर्धा मिलिमीटर म्हणजे किती? हात ताठ धरून, धाप लागलेली असताना, कडाक्याच्या थंडीत माशीकडे बघा. ती याहून जास्त हलताना दिसेल. हरणाच्या मर्मस्थानाचा व्यास वीसेक सेंटिमीटरचा, म्हणजे मधल्या बिंदूपासून चुकायला दहा सेंटिमीटर. लांब नळीची चूक आत बसली, आखूड नळीची बाहेर गेली.

आता मघाचे दोन सेंटिमीटर शेजारी ठेवा. वेग घटल्यामुळे दोन, नेम आखूड झाल्यामुळे सात-आठ. चर्चा मात्र पहिल्याचीच होते.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे: आखूड नळी मुळात कमी अचूक नसते. चौकटीत घट्ट आवळून यंत्रानं बार काढले तर अडीच इंची रिव्हॉल्व्हरसुद्धा गोळ्यांचा छान घट्ट गट देतं. आखूड नळी तर लांब नळीपेक्षा कडकच असते. चूक माणसाची, नळी ती फक्त मोठी करून दाखवते. म्हणूनच काही शिकारी अशा रिव्हॉल्व्हरवर लाल ठिपक्याची छोटी दुर्बीण बसवतात. ठिपका एकच असतो, माशी आणि खाच जुळवायचा प्रश्नच राहत नाही. पण मग पिशवीतून, म्यानातून झटकन काढण्याची सोय जाते, आणि लांडं घेण्याचं अर्धं कारणही.

गोळीचं वजन बदललं की नेम वर-खाली सरकतो, हा प्रकार नवख्याला कोड्यात टाकतो. रिव्हॉल्व्हरमध्ये जड आणि सावकाश गोळी जवळच्या अंतरावर हलक्या गोळीपेक्षा वर लागते. कारण गोळी नळीत असतानाच रिव्हॉल्व्हर उसळायला लागलेलं असतं, आणि सावकाश गोळी जास्त वेळ आत राहते. म्हणून सरावाला एक आणि रानात दुसरी गोळी वापरायची असेल, तर मागची खाच सरकवता येणारी हवी आणि ती सरकवायचं लक्षात राहायला हवं.

धक्का

धक्क्याचं गणित निर्दय आहे. गोळी आणि वायू पुढे जेवढा संवेग घेऊन जातात तेवढाच रिव्हॉल्व्हरला मागे मिळतो, आणि तो संवेग ठरलेला असताना रिव्हॉल्व्हरचं वजन निम्मं केलं की धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. पोलादी मॉडेल ६२९ चार इंचीत १.२ किलोच्या आसपास भरतं. पूर्ण ताकदीच्या .४४ मॅग्नमला त्याची धक्क्याची ऊर्जा ढोबळ हिशेबानं २३ ज्यूल येते. ३२९ पीडी फक्त ७१० ग्रॅमचं. तिथे हाच आकडा ३८ च्या पुढे जातो. साडेतीन किलोची .३०-०६ रायफल साधारण २७ देते, आणि तेही खांद्याच्या रुंद मांसल भागावर. इथे सगळं अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात येतं.

दिवसभर डोंगर चढणाऱ्याला ३२९ चं वजन हवंहवंसं वाटतं, ते मी समजू शकतो. पण त्यातून पूर्ण जोराची काडतुसं झाडत सराव करणारा माणूस विरळा. चार-सहा बार झाले की ते म्यानात जातं आणि 'चालतंय' असं म्हणून विषय संपतो. जे शस्त्र सरावाला नकोसं वाटतं ते रानात भरवशाचं कसं होणार?

हलक्या रिव्हॉल्व्हरचा आणखी एक छुपा दोष आहे. बार उडाला की रिव्हॉल्व्हर झटक्यानं मागे येतं, त्यासोबत सिलिंडरमधल्या बाकीच्या काडतुसांची पुंगळीही मागे येते, पण जड गोळी आपल्या जागी राहू बघते. पुंगळीची कडा गोळीवर पुरेशी आवळलेली नसेल तर प्रत्येक धक्क्याला गोळी पुंगळीतून थोडीथोडी पुढे सरकते. सरकत सरकत ती सिलिंडरच्या पुढे डोकावली की चौकटीला अडकते आणि सिलिंडर फिरायचंच थांबतं. अशा वेळी चाप ओढून काही होत नाही, घोडा हातानं ओढूनही नाही. म्हणून नवं काडतूस विश्वासानं भरण्याआधी एक चाचणी करतात: एका काडतुसाची लांबी कॅलिपरनं मोजायची, ते सिलिंडरमध्ये ठेवून बाकीचे सगळे बार काढायचे, आणि मग तेच काढून पुन्हा मोजायचं. लांबी वाढली असेल तर ते काडतूस या रिव्हॉल्व्हरसाठी बाद.

मुठीच्या आकाराबद्दल फार लिहीत नाही. एवढंच, की जुन्या धाटणीची गोलसर मूठ धक्क्यात तळहातातून वर फिरते आणि बरेच जण त्यालाच सोयीचं मानतात. नव्या धाटणीची रबरी मूठ फिरू देत नाही, धक्का सरळ मागे देते आणि मऊ असल्यानं तो थोडा गिळते. .४५४ सारख्या काडतुसाला, ज्याच्या दाबाची कमाल मर्यादा चौरस इंचाला ६५,००० पाउंड आहे, .४४ मॅग्नमची ३६,०००, रबरी मुठीशिवाय हात लावू नये असं मी म्हणेन.

टक्

धक्क्यानं हात दुखतो हे तर उघडच आहे, पण त्याहून मोठं नुकसान दिसत नाही. शरीर धक्का शिकतं. पाच-दहा बारांनंतर चाप पूर्ण मागे येण्याच्या एक क्षण आधी मनगट आपोआप खाली दाबलं जातं, डोळे मिटतात, खांदे आक्रसतात. धक्का येतो आणि हे सगळं त्याखाली झाकलं जातं. गोळी लक्ष्याच्या खाली लागते आणि दोष दिला जातो माशीला, काडतुसाला, नळीच्या लांबीला.

झाकलेलं उघडं करायची एक सोपी रीत आहे. दुसऱ्या कुणाला तरी सिलिंडर भरायला द्यायचं. तो तीन घरांत खरी काडतुसं घालतो, दोनांत डमी, कुठे काय आहे ते सांगत नाही, सिलिंडर बंद करून हातात देतो. पहिला बार: जाळ, कानठळ्या, नळी वर. दुसरा बार, तसाच. तिसऱ्याला चाप ओढला जातो आणि घोडा डमीवर पडतो: टक्. तेवढंच. धक्का नाही, आवाज नाही, आणि तरीही नळीचं तोंड दोन इंच खाली झुकलेलं. बघणाऱ्यांना ते लख्ख दिसतं, ज्याच्या हातात आहे त्यालाही दिसतं. लाजण्याचं कारण नाही; सगळ्यांचं होतं. चापाचा खेळ संपेपर्यंत माशी जागची हलणार नाही इतका सराव झाला की खरं काडतूस कुठलं, हा प्रश्न निकालात निघतो.

आखूड नळीनं हा रोग लवकर जडतो, कारण ती धक्क्यासोबत स्फोटाचा तडाखाही देते. जाळ आणि आवाज चेहऱ्याच्या आणखी जवळ येतात. १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाजसुद्धा कानाला कायमची इजा करू शकतो. मोठ्या मॅग्नमचा बार १६० च्या पुढे जातो. नळीच्या तोंडाशी भोकं पाडून धक्का कमी करण्याची सोय मिळते, पण ती वायू वर आणि बाजूला फेकते, म्हणजे आवाज आपल्याकडे आणि शेजाऱ्याकडे. सरावाला कानात बोळे आणि वर कान झाकणारे मफ, दोन्ही हवेत. रानात बरेच जण इलेक्ट्रॉनिक मफ लावतात. त्यांत पानांची सळसळ ऐकू येते आणि बाराचा आवाज कापला जातो.

आणि त्या ०.१५ मिलिमीटरच्या फटीची गोष्ट राहिलीच. पिस्तूल धरायची सवय असलेला माणूस दुसऱ्या हाताचा अंगठा पुढे, चौकटीलगत सरळ ठेवतो. रिव्हॉल्व्हरवर तोच अंगठा सिलिंडरच्या पुढच्या कडेशी, नेमका फटीच्या बाजूला येतो. .४६० आणि .५०० मॅग्नमच्या दाबाला तिथून निघणारी वायूची पात मांस हाडापर्यंत कापते, बोट तोडण्याइतकी. दोन्ही अंगठे घोड्याच्या खाली, एकावर एक, हीच जागा. झाडाला पाठ टेकून, गुडघे वर घेऊन बसून नेम धरायची पद्धत शिकाऱ्यांत फार जुनी आणि फार भरवशाची आहे, पण तिथेही फट मांडीपासून लांब राहील याकडे बघावं लागतं. वाळूच्या पिशवीवर टेकवलं तर ती पिशवीसुद्धा फाडते.

मग शिकार किती अंतरापर्यंत?

साधी कसोटी: सहा इंचांची कागदी ताटली, ज्या बैठकीतून रानात बार काढणार तीच बैठक, त्याच काडतुसांचे पाच बार, आधी एकही बार न काढता. पाचही ताटलीत बसतात ते सर्वांत लांबचं अंतर म्हणजे तुमची हद्द. चार इंची नळीनं सराव असलेल्या माणसाची ती बहुधा २५ ते ५० मीटरच्या दरम्यान कुठेतरी येते, अडीच इंचीनं त्याहून कमी. काडतुसाची ऊर्जा अजून शंभर मीटर पुढे पुरेल की नाही, हा प्रश्न तिथे गैरलागू होतो. म्हणून लांड्या रिव्हॉल्व्हरची शिकार मुळातच जवळची असते: कुत्र्यांनी अडवलेलं रानडुक्कर, झाडावर चढवलेलं काळं अस्वल, मचाणाखालून जाणारं हरण. प्राणी आडवा उभा असताना, खांद्यामागे, फुप्फुसांत. समोरून किंवा मागून नाही.

कायदाही पुष्कळदा नळीकडे बोट दाखवतो. ओहायोत हरणासाठी हँडगनची नळी किमान ५ इंच लागते. कोलोरॅडोत मोठ्या प्राण्यांसाठी किमान ४ इंच, आणि काडतुसानं ५० यार्डांवर ५५० फूट-पाउंड ऊर्जा दिली पाहिजे. म्हणजे अडीच इंची अलास्कन दोन्हीकडे कमरेला असू शकेल, शिकारीचं हत्यार म्हणून नाही. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आणि तो बदलतो, त्यामुळे त्या हंगामाची पुस्तिका वाचूनच निघावं. कॅनडात तर १०५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड नळीची हँडगन निषिद्ध वर्गात मोडते. चार इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर, थोडक्यात हुकतात. रुगरच्या काही मॉडेलांची नळी बरोब्बर ४.२ इंच का, याचं उत्तर या आकड्यात आहे.

अस्वलाचा विषय टाळता येत नाही, कारण बहुतेक लांडी मोठी रिव्हॉल्व्हरं त्याच्याच भीतीनं विकली जातात. तपकिरी अस्वल ताशी ५० किलोमीटरच्या वेगानं धावू शकतं. २५ मीटर त्याला दोन सेकंदांचे. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो हे अस्वलांचे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या घटनांचे दोन अभ्यास केले. २००८ च्या अभ्यासात तिखटाच्या फवाऱ्यानं तपकिरी अस्वलांचं नकोसं वागणं ९२ टक्के वेळा थांबवलं होतं. २०१२ च्या अभ्यासात बंदुकांच्या २६९ घटना होत्या. हँडगन ८४ टक्के प्रसंगी यशस्वी, लांब बंदुका ७६ टक्के. या दोन आकड्यांवरून हँडगन रायफलपेक्षा सरस असा निष्कर्ष काढणारे भेटतात. तसा तो निघत नाही, कारण घटना वेगवेगळ्या परिस्थितींतल्या, नोंदी वेगवेगळ्या काळातल्या. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट दुसरीच वाटते: बंदूक असलेल्यांपैकी ज्यांनी ती वापरली आणि ज्यांनी नाही, त्यांच्या शेवटात फरक आढळला नाही. आणि अपयशाच्या कारणांत वेळच मिळाला नाही, हे कारण वरच्या बाजूला होतं. फवारा आणि रिव्हॉल्व्हर दोन्ही बाळगणारे अलास्कात पुष्कळ आहेत. जीव वाचवण्यासाठी अस्वल मारावं लागलंच तर तिथल्या नियमाप्रमाणे नख्यांसकट कातडं आणि कवटी राज्याकडे जमा करून लेखी कळवावं लागतं.

दोन सेकंदांत घोडा अंगठ्यानं ओढायला वेळ नसतो. त्यामुळे या कामासाठी नुसता चाप ओढून बार काढण्याचा सराव लागतो, म्हणजे बोटाला साडेचार-पाच किलोचं ओढणं. घोडा आधी ओढलेला असेल तर हाच चाप दीड-दोन किलोत सुटतो. सरावाच्या रेंजवर सगळे बार त्या दुसऱ्या पद्धतीनं काढून घरी जाणारा माणूस नेमकं जे लागणार आहे तेच करत नाही.

घ्यायचंच असेल तर माझं मत पोलादी चार इंचीला. अडीच इंची अलास्कन सव्वा किलोचं आहे, म्हणजे चार इंची ६२९ पेक्षा वजनानं जडच, आणि वाचतो तो दीड इंच. छातीवरच्या म्यानात तो दीड इंच कुणालाही टोचत नाही. .५०० ची लांडी आवृत्ती मला आजवर पटलेली नाही.

सरावासाठी .४४ मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये .४४ स्पेशल काडतुसं चालतात. पुंगळी आखूड, दाब निम्म्याहून कमी, हाताला निवांत. शेकडो बार त्यांचेच काढावेत आणि शेवटी थोडे पूर्ण ताकदीचे. फक्त आखूड पुंगळीच्या पुढे प्रत्येक घरात काजळी आणि शिशाचं एक कडं साचतं. ते ब्रशनं घासून काढल्याशिवाय लांब मॅग्नम काडतुसं भरू नयेत, नाहीतर ती अर्ध्यात अडकतात किंवा बार झाल्यावर पुंगळ्या निघता निघत नाहीत.